यमुताई आणि पंचवीस हॉर्सपॉवर

१८ मार्च, मंगळवार

चौतीस वर्षं हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्ट संपली की लॉगबुक भरलं. कोणतं मशीन किती चाललं, काय बिघडलं, पुढच्या फोरमनला काय सांगायचं. निवृत्त होऊन सात महिने झाले, तरी संध्याकाळ झाली की हात शिवशिवतात. इंदूने आज ही वही हातात दिली. म्हणाली, "रोज मले रिपोर्ट देता, त्यापेक्षा हिच्यात लिहा." बायको आहे, तिचं एवढं तरी ऐकावं लागतं.

तर रिपोर्ट. यमुताई, माझी मोठी बहीण, वय सदुसष्ट. राहते सावरटोल्याला, धरणाच्या पाण्यापलीकडे. ऑक्टोबरपासून तिच्या दोन्ही किडन्या काम करत नाहीत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शहरात, धंतोलीतल्या दवाखान्यात डायलिसिस, चार तास. रस्त्याने सावरटोला म्हणजे पाण्याला वळसा घालून सत्तर किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता नुसता नावाला. पाण्यावरून नऊ किलोमीटर. म्हणून मी मनीषनगरच्या घरून सहाला निघतो, सातला घाटावर गाडी लावतो, बोटीने पलीकडे जातो, ताईला घेऊन परत येतो आणि साडेदहाच्या आत धंतोलीत पोचवतो. दुपारी हेच उलटं. बोट भाऊजींची. ते जाऊन चार वर्षं झाली. चौदा फुटी, फायबरची, मागे आठ हॉर्सपॉवरचं इंजिन. नऊ किलोमीटरला एक तास पाच मिनिटं घेतं, वारा तोंडावर असला तर सव्वा तास.

आज परतताना पाण्याच्या मधोमध ताई म्हणाली, "मनोहर, बुद्धपौर्णिमेपर्यंत येईन मी. मग मले सोडून दे गा."

"सोडून दे म्हणजे?"

"म्हणजे नाई येनार. थकून गेली मी."

इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, बंद केलं तर दोन आठवडे, फार तर तीन. बुद्धपौर्णिमा बारा मेला आहे.

२१ मार्च, शुक्रवार

बिघाड कुठे आहे ते आधी शोधायचं, पाना नंतर उचलायचा. मी हे नव्या पोरांना चौतीस वर्षं सांगितलं. तेव्हा आज दिवसभर ताईकडे त्या नजरेने पाहिलं.

डायलिसिसच्या चार तासांत ती कुरकुरत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाईला वाफेवरचे वडे कसे करायचे ते सांगत होती. गाडीतही बरी होती. तिची दशा होते ती पाण्यावर. आम्ही चार वाजता घाटावरून निघतो, तेव्हा पाण्यावरून ऊन दुप्पट होऊन तोंडावर येतं. डोक्याला ओला टॉवेल बांधून ती तासभर डोळे मिटून बसते. हा मार्च आहे. मे महिन्यात पंचेचाळीसचा पारा असेल तेव्हा काय?

म्हणजे बिघाड पाण्यावरच्या एका तासात आहे. तो वीस मिनिटांवर आणला की काम झालं.

इंदू म्हणते, ताईंना इकडेच आणा. आणलं होतं की. डिसेंबर-जानेवारीत पाच आठवडे होती. स्वतंत्र खोली दिली, पंखा, टीव्ही, बाथरूम लागून. मी तिला भांड्याला हात लावू दिला नाही. तुले इथं काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं, असं बजावून ठेवलं होतं. तरी शेळ्यांची आठवण काढून परत गेली. काय कमी होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन ठरवलं. बोटीच्या आत एक पत्र्याची चकती ठोकलेली आहे, तीस हॉर्सपॉवरपर्यंत चालेल असं तिच्यावर कोरलंय. आपण पंचवीसच घेतोय, म्हणजे नियमात.

निवृत्तीच्या पैशातले काढणार म्हणून इंदूला आधी विचारलं. ती निवडत होती ते तांदूळ तसेच ठेवून म्हणाली, "ताईसाठी असन तर घ्या. तुमच्यासाठी असन तरी घ्या."

माझ्यासाठी कशाला? मला काय फुटाळा तलावावर मिरवायचंय? बायका कधी काय बोलतील सांगता येत नाही. पण हो म्हणाली हे महत्त्वाचं.

५ एप्रिल, शनिवार

सात महिन्यांनी हिंगण्याला गेलो. माझ्या हाताखालचा नागसेन आता स्वतःचं वेल्डिंगचं शेड चालवतो. गेटपाशीच चहा मागवला, खुर्ची पुसून दिली, दोन कामगारांना ओळख करून दिली, "हे आमचे साहेब." बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

काम समजावून सांगितलं. आउटबोर्ड इंजिन बोटीच्या मागच्या उभ्या फळीला क्लॅम्पने अडकवतात. जुनं इंजिन सत्तावीस किलोचं, नवं एक्कावन्न. फळी जुनी. आता कारखान्यात काय करतो आपण? मशीन मोठं आलं की पाया जड करतो. पाया हलका राहिला तर मशीन थरथरतं, बोल्ट ढिले होतात, बेअरिंग जातं. तेव्हा दहा एमएमची लोखंडी प्लेट, दोन फूट बाय दीड फूट, आतून चार अँगल, बारा बोल्ट.

नागसेन डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, पान्यात एवढं लोखंड?"

"मशीन कोनी बसोली आजवर, तू का मी?"

"तुमीच जी."

प्लेटचं वजन केलं, अँगलसकट बत्तीस किलो. भक्कम झालं आहे. भूकंपात हलणार नाही.

१० एप्रिल, गुरुवार

आज घाटावर इंजिन चढवलं. क्लॅम्प आवळले आणि इंजिन धरून सगळा जोर लावून हलवून पाहिलं. फळी तसूभर हलली नाही.

ताईसाठी हातांची खुर्ची बसवली, पाठ टेकायला. कारखान्याच्या कँटीनमधली, नागसेनने मिळवून दिली. मागच्या बाजूला माझ्यासमोर बसवली, तिचं तोंड माझ्याकडे. पेशंटने मागेच बसावं, पुढे आदळतं. आणि चक्कर आली, घाम फुटला तर मला लगेच दिसेल. पंचवीस लिटरची टाकी माझ्या पायाशी.

बोट सावरटोल्याला नेऊन दाखवली. ताईच्या शेजारची गोपिका काठावर जाळं सोडवत बसली होती. ढिवराची, म्हणजे मासेमाराघरची बाई, पंचेचाळिशीची, जन्म पाण्यात गेला. स्वतःचा लाकडी डोंगा आहे, बांबूने रेटते. तिने बोटीला एक चक्कर मारली, मागच्या टोकाला दोन बोटं लावून दाबून पाहिलं आणि म्हणाली, "मागं लय भार होऊन राहिला जी मामा."

"इंजिन मागंच राहते, बाई. समोर लावू का?"

ती हसली आणि जाळ्याकडे वळली. तिच्या डोंग्याला मोटर नाही, इंजिनातलं तिला काय कळणार.

ताईने खुर्चीत बसून पाहिलं. चांगली आहे म्हणाली. तेवढंच म्हणाली.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी दीक्षाभूमीला जाऊन आलो. इंदूने कढी-भात आणि जिलेबी केली. फोनवर ताईला म्हणालो, आता एकदा इंजिन मोकळं सुटू दे, मग पाहाजो. ती म्हणाली, "तू जेवला का नीट?" विषय बदलायची तिला सवयच आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

नवं इंजिन पहिले दहा तास अर्ध्या रेसवर चालवायचं असतं, तेलही जास्त मिसळायचं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं आहे, मी अक्षर न अक्षर पाळतो. मनगटाला लाल दोरी अडकवून बसतो. माणूस पाण्यात पडला तर दोरी सुटून इंजिन आपोआप बंद होतं.

आज पंचावन्न मिनिटं लागली. फार फरक नाही, पण हे अर्ध्या रेसवर. बोटीचं टोक जरा वर राहतं. धूर थोडा ताईच्या अंगावर येतो, तेल जास्त आहे म्हणून. मंगळवारपर्यंत दहा तास पूर्ण होतील.

ताईचा चेहरा सगळा वेळ माझ्यासमोर होता. काही त्रास दिसला नाही. नुसती इंजिनकडे पाहत बसते. तिलाही यंत्राची आवड लागली असेल.

२५ एप्रिल, शुक्रवार

लिहायला बसलो खरा, पण लाज वाटते आहे.

आज पूर्ण रेस दिली. जाताना एकटाच होतो. टोक असं वर गेलं की समोरचं पाणी दिसेना. मला वाटलं, वजन कमी आहे म्हणून. ताई बसली की ठीक होईल. ताई बसली, आणि टोक आणखी वर गेलं, मागचा भाग खाली बसला. इंजिन ओरडतंय, पाणी मागे डोंगरासारखं उसळतंय आणि बोट पुढे जायच्या ऐवजी पाणी नांगरत चालली आहे. बावन्न मिनिटं लागली. पेट्रोल मात्र अडीचपट.

संध्याकाळी परतताना वारा होता. एक लाट मागच्या फळीवरून सरळ आत आली आणि ताई कमरेपर्यंत भिजली. डायलिसिसच्या सुईच्या जागी पट्टी केलेला डावा हात तिने वर धरून ठेवला होता, सगळा रस्ता, हात वर करून सभेत उभं राहावं तसा. उतरताना म्हणाली, "मनोहर, माह्यासाठी एवढं पानी फाडू नोको गा."

गोपिकाने तिला हात देऊन वर घेतलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

२९ एप्रिल, मंगळवार

पलीकडे गेलो तर ताई घाटावर नव्हती. घरी गेलो. शेळ्यांना पाला टाकत होती. "आज नाई येत," म्हणाली.

मी ओरडलो. सदुसष्ट वर्षांच्या बाईवर, तिच्या अंगणात, माणसं पाहत असताना. मी म्हणालो, मी काय गंमत म्हणून एवढं करतोय का? ती म्हणाली, "तुले म्हटलं का मी काही? तू करतं, मले माहीत आहे. पन तू आनतं, नेतं, बसोतं, उठोतं. मी गाठोडं झाली गा."

डोकं तापलेलं होतं, मी तसाच निघून आलो. आता इथे बसून तेच वाक्य आठवतोय. गाठोडं कशी? मी तर तिला खुर्ची दिली.

३० एप्रिल, बुधवार

ताईची समजूत घालायला म्हणून गेलो होतो. ती विहाराच्या कामाला गेली होती. गोपिका काठावर होती. मला म्हणाली, "मामा, मले एक चक्कर मारून आना."

आणली. ती खुर्चीकडे गेलीच नाही, सरळ पुढच्या फळीवर जाऊन बसली, टोकापासून चार फुटांवर, मांडी घालून. "आता द्या," म्हणाली.

रेस दिली. टोक वर गेलं, एक क्षण तसंच राहिलं आणि मग हळूच खाली आलं. बोट सपाट झाली. आणि मग ती निघाली. मी चौतीस वर्षं मशीनवर काम केलं पण असं कधी अनुभवलं नाही. पाणी बोटीच्या पोटाखाली टपटप वाजायला लागलं, इंजिनचा आवाज बारीक झाला, वारा कानात शिरला. मी मोठ्याने हसलो, एकटाच, वेड्यासारखा. गोपिकाने मागे वळून पाहिलं आणि तीही हसली.

थांबल्यावर विचारलं, हे तुले कसं माहीत? म्हणाली, "डोंग्यात मासा भरला का आमी मागं नाई टाकत जी. मधात अन् समोर टाकतो. मागं टाकला का डोंगा बसते. मी म्हटलं होतं तुम्हाले."

म्हटलं होतं. दहा एप्रिलच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. आणि त्याखाली माझंच शहाणपण.

माझा पाया जमिनीवरच्या मशीनचा. जमिनीवर जड म्हणजे भक्कम. पाण्यावर जड म्हणजे बुडालेलं. एवढी साधी गोष्ट, आणि मी बत्तीस किलो लोखंड टांगून बसलो.

२ मे, शुक्रवार

बोटीचं काम व्हायचं आहे, म्हणून ताईला रस्त्याने आणलं. तिच्याकडून हो म्हणवून घ्यायला इंदूला फोनवर तासभर लागला. मंगळवार चुकल्याने पाय सुजलेले, दम लागत होता. वजन पन्नास पूर्णांक सहा. नेहमी एकोणपन्नासच्या आसपास असतं, डायलिसिसनंतर साडेसेहेचाळीस. जाताना साडेतीन तास, येताना पावणेचार. खड्ड्यागणिक ती माझा दंड धरत होती. तिला घरात सोडून बाहेर आलो आणि गाडीत बसून रडलो.

४ मे, रविवार

नागसेन घाटावर आला होता. बारा बोल्ट काढले, प्लेट काढली. त्याच्या बिचाऱ्याच्या तोंडावर "मी म्हटलं होतं" असं कुठेच नव्हतं. त्याने न सांगता सागाची दीड इंची फळी रंधून, तेल पाजून आणली होती. ती बसवली. नऊ किलो. पेट्रोलची टाकी लांब नळी लावून पुढे नेली. इंजिनचा कोन एक खाच आत घेतला.

राहिला प्रश्न पुढच्या वजनाचा. गोपिका सकाळी जाळी काढते, ती रोज कशी येणार? म्हणून वाळूची दोन पोती भरली, पंचवीस-पंचवीस किलोची. पुढच्या फळीखाली बरोबर बसतात. हिशोब जमला.

६ मे, मंगळवार

ताई आली. आली हेच खूप. येताना खुर्चीत बसली, मागे, पूर्वीसारखीच.

निरीक्षण: मी एकटा, पुढे वाळू पन्नास किलो, वेळ वीस मिनिटं. उत्तम. ताईसह, मागे ताई एकोणपन्नास किलो, पुढे वाळू पन्नास किलो, वेळ चौतीस मिनिटं. टोक खाली येतं आणि परत वर जातं, बोट ठरत नाही. म्हणजे पुढे अजून एक पोतं हवं. पंचाहत्तर केलं तर जमेल बहुतेक.

इंदूला हे आकडे वाचून दाखवले. तिने विचारलं, "ताईचं वजन किती म्हटलं?" एकोणपन्नास म्हणालो. "बरं," म्हणाली आणि गॅलरीत कपडे आणायला गेली. तोंड वळवून हसत होती असं मला वाटलं, पण कपड्यांत हसण्यासारखं काय असणार.

९ मे, शुक्रवार

आज जे झालं ते सावकाश लिहितो.

सावरटोल्याला पोचलो तेव्हा ताई आणि गोपिका दोघी काठावर उभ्या. ताईच्या हातात दवाखान्याची फाइल. तिने बोटीत डोकावून पाहिलं.

"हे तीन पोते कायचे गा?"

"वाळूचे. समोर वजन पायजे ताई, तवाच बोट सपाट होते."

"किती पायजे?"

"पन्नास किलो लय झालं. पन तू मागं बसतं ना, म्हून पंचाहत्तर."

तिने फाइल उघडली, डायलिसिसचं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "वाच."

मला वाचायची गरज नव्हती. दर खेपेला तो आकडा मीच तर लिहून घेतो. मी काठावर उभा राहून त्या तीन पोत्यांकडे पाहिलं. गोपिका पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहत होती.

"माह्याएवढी वाळू भरून आनतं," ताई म्हणाली, "अन् मले मागं बसोतं. वा रे फोरमन!"

"समोर आदळते ताई. तुयी तब्येत..."

"गोपिका, फेक वं ते पोते."

तिन्ही पोती काठावर आली. ताई बोटीत चढली, खुर्चीच्या बाजूने गेली, पुढच्या फळीवर गादी टाकली आणि समोर तोंड करून बसली. लाइफ जॅकेटचे बंद स्वतः बांधले. डावा हात मांडीवर, उजव्या हातात पुढची दोरी. मी गोपिकाच्या जाळ्यांपुढे जाईपर्यंत हळू नेली आणि मग रेस दिली. टोक वर गेलं, खाली आलं, बोट सपाट. मी घड्याळ पाहत होतो आणि तिची पाठ पाहत होतो. तिचा पदर सुटून मागे उडायला लागला, तो तिने आवरला नाही.

सतरा मिनिटं.

घाटावर तिने मागे वळून पाहिलं. तोंडावर पाण्याचे थेंब होते. म्हणाली, "महिना झाला, तुया इंजिनचा धूर पाहून राहिली मी. समोर एवढं सगळं आहे अन् मले माहीतच नाई. त्या करंजीच्या झाडामागं... तो आमचा जुना सावरटोला होता ना गा, पान्याखालचा? त्याचं देऊळ आत्ता उघडं पडलं."

"कमी झालं पानी. मे आहे ना."

"मले उद्या दाखोजो. म्हंजे मंगळवारी."

मंगळवारी असं म्हणाली. बोलण्याच्या ओघात म्हणाली असेल, मी त्याला धरून बसणार नाही.

परतताना तिचं वजन सेहेचाळीस पूर्णांक सात. दोन किलो कमी झाल्याने बोटीला काही फरक पडला नाही. वारा होता तरी अठरा मिनिटं. ती थकलेली होती, पण डोळे मिटले नाहीत. आणि काठाला लागताना गोपिकाला ओरडून सांगत होती, "अवं, माह्या वजनानं चालते हे बोट! मी नाई आली तर हा पोरगा पोचतच नाई!"

मी साठीला आलो आहे. पण ऐकून बरं वाटलं.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. इंदूला घेऊन सावरटोल्याला गेलो. ताई नसली की पुढे वाळूऐवजी आता पाण्याने भरलेला कॅन ठेवतो, तो आजही होता. इंदू पहिल्यांदाच या बोटीत बसली. डोळे घट्ट मिटून दोन्ही हातांनी फळी धरली होती, तरी उतरल्यावर "एवढं काही भेव नाई वाटत" म्हणाली.

विहारात अख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, खीर झाली. दोनशे माणसांची खीर ताईच्या देखरेखीखाली होती. तिला स्वतःला दोन चमच्यांपेक्षा जास्त चालत नाही, पण साखर किती, दूध कधी उतरवायचं, कोणाला आधी वाढायचं, सगळे हुकूम तिचे. नंतर ती आणि इंदू मिळून पातेली घासायला बसल्या. मी म्हणायला गेलो, ताई तू राहू दे, तर इंदूने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून निघून आलो.

सगळा दिवस वाट पाहिली. आज ती सांगणार होती ना, पौर्णिमेनंतर नाही म्हणून. तिने विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. मला कारखान्यात युनियनची भीती कधी वाटली नाही, साहेबांची वाटली नाही, आज वाटली. काठावर सोडायला आली, इंदूच्या डोक्यावरून हात फिरवला, मला म्हणाली, "समोर कॅन ठेवला ना पान्याचा? नाईतर टोक वर जाईन." बस.

उद्या मंगळवार. ती घाटावर असेल की नसेल, मला माहीत नाही.

१३ मे, मंगळवार

पावणेसहालाच निघालो. पाण्यावर असताना काठाकडे पाहायचं टाळलं. शेवटी पाहावंच लागलं. फाइल कवटाळून, डोक्याला ओला टॉवेल बांधून ताई उभी होती.

"दहा मिनटं उशीर," म्हणाली.

उशीर नव्हताच, उलट लवकर आलो होतो. मी वाद घातला नाही. ती पुढे जाऊन बसली. जुन्या गावाच्या उघड्या पडलेल्या देवळाशी बोट पाच मिनिटं थांबवली, तिने हात जोडले नाहीत, नुसतं पाहिलं, कोणाचं घर कुठे होतं ते बोटाने दाखवलं. मग म्हणाली, चाल.

घाट जवळ आला तेव्हा मागे वळून ओरडून विचारलं, "मनोहर, पान्यापावसात समोर बसनाऱ्याच्या तोंडावर सगळं येईन. छप्पर लावता येते का गा?"

मी म्हणालो, येते, पण हलकं पाहिजे आणि बसकं पाहिजे, नाहीतर वारा धरेल.

"मग जुलैच्या आदी लाव. जुलैत आमच्याकडं लय झोडपते."

धंतोलीत ती आत खुर्चीवर होती तेवढ्या वेळात मी कार्डाच्या मागच्या बाजूला नकाशा काढला. पाऊण इंची अल्युमिनियमचा पाइप, तीन कमानी, वर ताडपत्री, दोन्ही बाजूंनी गुंडाळता येईल अशी. एकूण वजन सहा किलोच्या आत. कमानी मधल्या फळीपासून पुढे, मागे काही नाही. आता शिकलो आहे.

संध्याकाळी जेवताना इंदूला सगळं समजावून सांगितलं. पाइप, कमानी, ताडपत्रीचा रंग. ती वाढता वाढता थांबली.

"कवापर्यंत पायजे म्हणाल्या ताई?"

"जुलैच्या आदी. जूनमधे तिकडं तुरळकच असते, जुलैत जोर..."

"अहो," इंदू म्हणाली. "त्या जुलै म्हणाल्या."

"हो, तेच तर सांगून राहिलो. जुलै."

इंदू वरणाचा चमचा हातात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी ताटावरच रडलो, आणि इंदूने पाणी पुढे केलं, आणि मग आम्ही दोघंही हसायला लागलो.

उद्या सकाळी हिंगण्याला जातो. नागसेनकडून पाइप कापून आणायचा आहे.